उलटा बसवलेला व्हॉल्व्ह

“मग मी इतकी वर्षं काय केलं, वस्ताद? नुसते पाने पुसले?”

दस्तगीर वस्तादांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि समोरच्या स्कूटरचा कार्बोरेटर खोलायला घेतला.

हिंदुराव उभाच राहिला…

कोल्हापुरात शाहूपुरीच्या मागल्या अंगाला वस्तादांचं मोटारसायकलींचं गॅरेज. हिंदुराव तिथला थोरला चेला. मिसरूड फुटायच्या आधी आला, आता मिशीत पांढरं दिसायला लागलं. वस्तादांच्या स्वतःच्या जुन्या गाडीला आजवर कुणाचं बोट लागलं नव्हतं. ती त्यांनी दिली कुणाच्या हातात? तर पिराजीच्या. कागलकडचं कालचं पोर!

गाडी नुसती गाडी असती तर एक वेळ चाललं असतं. पण वस्तादांना मूलबाळ नाही. त्या गाडीला ज्याचा हात लागेल त्याच्याच हाती पुढं गॅरेजची किल्ली, हे कोपऱ्यावरच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

दुखणं तसं साधंच. गाडी तेल ओकायची. हिंदुरावचं म्हणणं, पॅकिंग बदलू, सील बदलू. पिराजी म्हणाला, तेलाचं नंतर बघू, आधी हवेचं बघू. पिस्टन खाली आला की इंजिनच्या पोटातली हवा दबते. तिला बाहेर पडायची वाट अपुरी, म्हणून ती तेलाला बरोबर घेऊन मिळेल त्या फटीतून निघते. त्यानं जुनी बारकी नळी काढली, जाड नळी घातली आणि ती सीटखालच्या एका डबीत सोडली. मधे जुन्या मोटारीच्या ब्रेकमधला, भंगारातून शोधून आणलेला अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह बसवला. हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. गाडी दिवसभर फिरवून आणली आणि खाली अंथरलेला पुठ्ठा सकाळी बघितला, तर कोरडाठाक.

वस्ताद त्या पुठ्ठ्याकडं बघून हसले. ते हसणं हिंदुरावच्या काळजात घुसलं. आपल्या कामाकडं बघून हा माणूस असा कधी हसला होता? आठवेना. आपण उभी हयात घालवायची आणि हा येऊन बसणार, आयत्या बिळावर नागोबा. म्हणूनच त्यानं वस्तादांना तोंडावर विचारलं होतं. आणि वस्ताद कार्बोरेटर खोलत बसले होते.

शुक्रवार होता. दुपारी वस्ताद नमाजाला गेले. पिराजी मागच्या नळापाशी भाकरीचं फडकं सोडून बसला. जेवण झालं की तो गाडी घेऊन जोतिबाचा डोंगर चढून बघणार होता, चढावर तेल राहतंय की नाही ते.

गॅरेजमधे हिंदुराव आणि ती गाडी.

त्यानं सीट उचललं, क्लिपा सैल केल्या, व्हॉल्व्ह काढला. त्यावरचा दिशेचा बाण पार घासून गेलेला. मग ओठाला लावून फुंकला. एका बाजूनं वारा गेला. दुसऱ्या बाजूनं अडला. खात्री झाली तेव्हा त्यानं तो फिरवून बसवला आणि क्लिपा पुन्हा आवळल्या. आता हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. इंजिन असं तेल ओकेल की सगळी गल्ली गोळा होईल. मग कळेल वस्तादांना, कुणाच्या हातात काय द्यावं ते.

हात त्यानं रॉकेलनं स्वच्छ धुतले.

वस्ताद नमाजाहून येऊन कामाला लागले होते, तेव्हा पिराजी परत आला तो गाडी ढकलत, लंगडत. इंजिन तेलानं न्हालेलं, मागचं चाक तेलानं चमकत होतं. गाव सुटायच्या आधीच वळणावर चाक सरकलं, गाडी आडवी झाली. विजारीचा गुडघा फाटला होता आणि कोपरातून रक्त येत होतं.

तेल चाकावर जाईल हे हिंदुरावच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला पोराची फजिती हवी होती, पोराचं रक्त नको होतं. पण खरं सांगायचं तर, वस्ताद गाडीकडं न बघता धावत गेले आणि पिराजीचा दंड धरून त्याला स्टुलावर बसवू लागले, तेव्हा हिंदुरावच्या मनात आधी आलं ते वेगळंच. माझ्यासाठी हे असे धावतील?

जखम धुऊन झाली तसा पिराजी म्हणाला, “चूक माझीच, वस्ताद. सकाळी डबी रिकामी करताना व्हॉल्व्ह काढला होता. परत लावताना उलटा लागला असणार.”

“फुंकून बघितलास?”

“न्हाई… अंदाजानं लावला.”

हिंदुराव खाली बघत ऐकत होता. न केलेली चूक अंगावर घेऊन पुन्हा हाच भला ठरला. माणसानं जळायचं तरी किती?

वस्ताद गाडीपाशी उकिडवे बसले. नळी चाचपली. क्लिप बोटानं हलवून बघितली, हलली नाही. व्हॉल्व्ह सोडवला, ओठाला लावला, एकदा इकडून फुंकला, एकदा तिकडून.

“उलटाच आहे,” ते म्हणाले. “पण काम चोख आहे.”

त्यांनी मान वर केली. त्यांच्या ओठांवर तेलाचं काळं कडं उमटलं होतं.

ते बघितलं आणि हिंदुरावचा हात आपसूक स्वतःच्या तोंडाकडं गेला. अर्ध्या वाटेतच थांबला…

वस्ताद उठले. खांद्यावरचं धुतलेलं फडकं घेऊन त्याच्यासमोर आले. एका हातानं हनुवटी धरली आणि दुपारपासून मिशीखाली वाळलेलं काळं कडं दोनदा घासून पुसलं. स्वतःचे ओठ तसेच ठेवले.

पिराजी स्टुलावरून बघत होता. त्याला काही उमगलं नाही.

“वस्ताद, मी…”

हिंदुराव पुढं झाला. वस्तादांनी व्हॉल्व्ह त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटली.

“या पोराला फुंकून बघायला कुणी शिकवलंच न्हाई, हिंदुराव. तू शिकव.”