तान्हू पाथरवटाची उसनी पाठ

शके सतराशे एकाहत्तर. वैशाख वद्य पंचमी. ऊन असं, की कातळावर पाय टिकत नव्हता. त्या दिवशी दोन लग्नं होती. एक वर दांडवळात, एक खाली चिवरपाड्यात. दोन्ही गोरज मुहूर्तावर. ऐकायचं तर सरळ बसून ऐका.

दांडवळ घाटमाथ्यावर. चिवरपाडा कोकणात. मधे आंधारघळ. कुऱ्हाडीनं लाकूड चिरावं तसा तिथे डोंगर चिरलाय. घळीतून वर बघाल तर आभाळ दोरीएवढं दिसतं. आत कातळ खोदून पायऱ्या केल्यात. त्या फार जुन्या. जो तो म्हणतो, पांडवांनी केल्या. पांडवांना एवढा वेळ कुठून मिळाला, ते कुणी सांगत नाही.

पायऱ्या केल्या कुणी ते ठाऊक नाही. राखल्या कुणी ते ठाऊक आहे. तान्हू पाथरवटानं.

पायरी झिजली की गुळगुळीत होते आणि माणूस घसरतो. म्हणून जात्याला टाकी लावतात तशी तान्हू पायरीला टाकी लावायचा, छिन्नीनं ठोकून ती खरबरीत करायचा. आज ही, उद्या ती. त्याच्या हातोड्याचा आवाज दोन्ही गावांत ऐकू जायचा, असं म्हणतात. आवाज थांबला की बाया म्हणायच्या, तान्हू जेवायला बसला, चला, आपणही बसू.

घळीत मधोमध चिंचोळी आहे. तिथे एका वेळी एकच माणूस मावतो, तोही खांदा तिरका करून. म्हणून वाटेचा कायदा होता. घळीच्या तोंडाशी थांबायचं, हाळी द्यायची, कान द्यायचा. समोरून हाळी आली तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. सगळे पाळायचे. गुरंसुद्धा पाळायची, असं म्हणतात.

त्या दिवशी मात्र दांडवळचा नवरदेव खेवजी खाली निघाला होता, आणि चिवरपाड्याचा नवरदेव पोसा वर निघाला होता. दोघांपुढे वाजंत्री. आणि नवरदेवापुढचं वाजप बंद करणं म्हणजे अपशकुन. मग हाळी कशी देणार आणि ऐकणार काय?

दांडवळचे लोक वाजवतच घळीत शिरले. खालून डफ ऐकू आला. मालजी पाटील म्हणाले, "ऐकलं का? कातळ आपलंच वाजवून दाखवतोय. वाजवा जोरात!"

तिकडे खालच्यांनाही वरून सनई ऐकू आली. तेही म्हणाले, कातळ काय छान साद देतो. त्यांनीही जोर लावला.

तान्हू चिंचोळीत टाकी लावत बसला होता. दोन्हीकडून वाजप येताना पाहून तो उठला. वर तोंड करून ओरडला, खाली तोंड करून ओरडला. डफापुढे कोण ऐकतो? शेवटी दोन्ही वऱ्हाडं चिंचोळीत समोरासमोर आली. मधे तान्हू.

तेव्हा वाजप आपोआप थांबलं.

"मागं सरा," मालजी पाटील म्हणाले.

"आम्ही चढणारे," खालून हिरू कारभारी म्हणाला. तो पोसाचा बाप. "कायदा आमच्या बाजूचा. तुम्ही सरा."

"नवरदेव माघारी फिरवू? तुझ्या घरात रीत आहे का तशी?"

"माझ्या घरात नाही. तुमच्या घरात चालत असंल, म्हणून म्हणलं."

झालं. दोन्हीकडून बाह्या सरसावल्या. पण मारामारीलाही जागा लागते. चिंचोळीत हात उगारला तर कोपर कातळावर आपटायचं. पुढचे दोघे भांडत होते आणि मागचे विचारत होते, "काय झालं? जेवण का?"

तान्हू भांडणात पडला नाही. तो वर बघत होता. आभाळाची दोरी काळी झाली होती. माथ्यावर वळीव कोसळत होता. अशा वेळी घळीत पाणी हळूहळू येत नाही. एकदम येतं, दगड घेऊन येतं.

"पाणी येतंय," तान्हू म्हणाला. "कोणीतरी मागं सरा."

कोणी सरेना. मरण कबूल, पण माघारी फिरलेला नवरदेव गावात न्यायचा नाही. दोन्ही गावं अशीच आहेत. अजून आहेत.

चिंचोळीच्या वर पायऱ्या ओढा सोडून बाजूच्या कड्यावर चढतात. खाली थोडं उतरलं की घळ संपते. म्हणजे ही एवढी जागा ओलांडली की दोन्ही वऱ्हाडं वाचणार होती. पण ओलांडणार कशी?

तान्हूनं टाकी उचलली. एरवी एका खोबणीला दिवस जातो. त्या दिवशी कातळ भिजवलेल्या पिठासारखा मऊ झाला, असं म्हणतात. चार घावांत या भिंतीला एक खोबण, चार घावांत त्या भिंतीला एक. त्यानं दोन्हींत पाय रोवले, भिंतींना हात लावले आणि वाकून उभा राहिला. चिंचोळीवर कमान झाली.

"एकानं माझ्या पाठीवरून जा," तो म्हणाला. "एकानं पायांखालून. कोणी मागं फिरायचं नाही."

तोड सापडली. पण लगेच नवं भांडण. वरून कोण? खालून कोण?

"आमचा नवरदेव कुणाच्या पायांतून जायचा नाही," पाटील म्हणाले.

"आणि आमचा काय रांगत जाईल?" कारभारी म्हणाला.

तेवढ्यात चिवरपाड्याच्या वऱ्हाडातून एक म्हातारी वाट काढत पुढे आली. धोंडाई. पोसाची आत्या. पाठीत वाकलेली, तोंडाला तिखट. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग पाटलांकडे.

"का रं हिरू, आणि तुम्ही पण ऐका, पाटील. जन्माला आलात ते कुठून आलात? आभाळातून पडलात? बाईच्या पायांतूनच आलात ना? तेव्हा नाही मान गेला तो?"

धोंडाईनं पदर खोचला आणि तान्हूच्या पायांखालून पार झाली. पलीकडे उभी राहून म्हणाली, "ये रं पोसा. मुंडावळ्या सांभाळ."

मी दांडवळचा. आमचे वरून गेले, ते खालून गेले. पण अक्कल आधी त्यांच्या बाईला आली. खरं ते सांगितलंच पाहिजे.

मग रीघ लागली. खालून चिवरपाडा, वरून दांडवळ. खेवजी पाठीवरून गेला. सनईवाला गेला. एक बाई तांब्याची घागर कडेवर घेऊन चढली.

"बाई, घागर तरी कुणाच्या हाती दे," तान्हू कण्हला.

"आहेराची आहे दादा, कुणाच्या हाती देऊ?" असं म्हणून ती तशीच गेली.

डफवाल्याला पाठीवर चढल्यावर हुक्की आली. त्यानं तिथेच दोन थापा वाजवल्या. तान्हूनं शिवी दिली. ती शिवी दांडवळात अजून चालते, इथे सांगण्यासारखी नाही.

सर्वांत शेवटी मालजी पाटील राहिले. चांगले जाडजूड. ते पाठीवर चढले आणि वरून गडगडाट झाला. पाणी आलं. भिंतीसारखं आलं, दगड लोटत आलं. तान्हूनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"उतरणाऱ्यानं थांबायचं," तो म्हणाला.

आणि पाणी थांबलं, असं म्हणतात. त्याच्या टाचेशी येऊन उभं राहिलं. कायदा सगळ्यांना सारखा, आणि पाणीही उतरणारंच. चिवरपाड्याचा शेवटचा माणूस कड्यावर चढला, पाटील धापा टाकत घळीच्या तोंडाबाहेर पडले, तेव्हा तान्हू बाजूला झाला आणि पाण्याला म्हणाला, "जा आता."

दोन्ही लग्नं मुहूर्तावर लागली. रात्री पंगती बसल्या. चिवरपाड्याचे सांगतात, तान्हू आमच्या पंगतीला होता, तीनदा भात घेतला. आमचे सांगतात, तो आमच्याकडे जेवला, वरणावर तूप मागून घेतलं. मधे घळ पाण्यानं भरलेली. दोघंही शपथ घेतात. घेऊ देत.

पुढे दोन्ही गावं तान्हूकडे गेली. धोतरजोडी नेली, पागोटं नेलं, बोकड नेला. त्यानं हातसुद्धा लावला नाही.

"तुम्ही माझी पाठ उसनी नेलीत," तो म्हणाला. "पाठच परत करा."

उसनं नेलं ते तसंच परत करायचं, ही आपली रीत. ज्वारीला ज्वारी, मिठाला मीठ. पाठीला पाठ. त्याच्या पायांखालून गेले त्यांच्यासाठीही तो वाकलाच होता. त्यामुळे कोणी सुटलं नाही.

पहिला मान पाटलांचा. तान्हूला बाजारला जायचं होतं. पाटलांनी त्याला पाठुंगळी घेतलं आणि घळ चढायला लागले.

"पाटील, डाव्या अंगानं. ती पायरी झिजलीय."

"मग टाकी लाव की!"

"कधी लावू? तुमच्या पाठीवर बसलोय ना."

मरेपर्यंत तान्हू आपल्या पायांनी घळ चढला नाही. जत्रेला, बाजारला, सोयऱ्याकडे, नेहमी कुणाच्या तरी पाठीवर. मरेपर्यंत म्हणतो खरा, पण तो मेलेला कुणी पाहिला नाही. एकदा खेवजी त्याला घेऊन चढत होता. चिंचोळीत ओझं हलकं वाटलं. मागे हात लावला तर पाठीवर कोणी नाही. खेवजीनं वर पाहिलं, खाली पाहिलं. दोन्ही खोबणी तेवढ्या दिसल्या.

तोवर सगळ्यांच्या पाठी देऊन झाल्या नव्हत्या. काही जण न फेडताच गेले होते. ते पोरांवर आलं, मग पोरांच्या पोरांवर. तान्हू नाही, मग वाटेनं जो येईल त्याला पाठ द्यायची आणि फेडायची.

म्हणून आजही दोन्ही गावांचा नवरदेव घळीतून पायी जातो. आता डांबरी घाट झालाय. वऱ्हाड जीपनं जातं. जाऊ दे. नवरदेव पायीच. चिंचोळीत तो गुडघे टेकतो आणि वाकतो. समोरून जो पहिला येईल तो त्याच्या पाठीवर पाय देऊन ओलांडतो. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. कोणी येईपर्यंत वाट बघायची, मुहूर्त टळला तरी.

यंदा आमच्या आळीतला एक नवरदेव गेला. नवा कोट, पायात चकचकीत बूट. चिंचोळीत गुडघे टेकून बसला. बराच वेळ कोणी आलं नाही. मग खालून एक करवंदवाली आली, डोक्यावर भरली पाटी.

"बाळा, पाटी उतरवू का?"

"नको मावशी. तशाच या."

ती पाठीवर पाय देऊन पलीकडे गेली. तो उठला. गुडघे झटकले.

फिटली.