साडेतीन दारांचे गोदाम

एकदा एका जंक्शनच्या गावी एक वृद्ध मास्तर राहत असत. आयुष्यभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या ओसरीवर फळ्या मांडून छोटी आगगाडी चालवायला घेतली. गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. स्टेशन, सिग्नल, पाण्याची टाकी, सारे पुठ्ठ्याचे आणि सारे त्याच मापाचे. म्हाताऱ्याचा हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटे, त्यांनी तिथे पाच मिनिटे उभे राहावे आणि मग बोलावे.

त्यांचा शिष्य मात्र साठीचा होता. तुळशीराम मुकादम. स्टेशनलगतच्या मालगोदामात त्याच्या हाताखाली बारा हमाल असत, बारा दारांवर बारा जण. गोदाम नव्या घडणीचे होते: लोखंडी सांगाडा, पन्हळी पत्रा, गुंडाळत वर जाणारी शटरे, छपरावर वाऱ्याने फिरणारे पंखे. पुढे माल दुसऱ्या गावी उतरू लागला. गोदाम मोडून नेले, माणसे पांगली. तुळशीरामाच्या मनाला ते फार लागले. ते गोदाम मास्तरांच्या रुळांशेजारी पुन्हा उभे करायचे असे त्याने ठरवले, आणि भरीस भर म्हणून बाराही जणांना निरोप धाडला, "पाडव्याला या. ज्याचं त्याला दार दाखवतो."

"मास्तर, जागा किती मिळेल?" त्याने विचारले.

"तुम्ही मापात बांधा, मुकादम. जागेचं मी पाहतो. आणि डोक्यावर पोतं घेतलेल्या हमालाला वाकावं लागलं, तर दार चुकलं म्हणून समजा."

सामान विकत आणण्याची तुळशीरामाची ऐपत नव्हती. पण गल्लीतल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या भिंती झाल्या. बल्बच्या खोक्यातल्या खाचांच्या पुठ्ठ्याला करडा रंग दिला, तो हुबेहूब पत्रा दिसू लागला. छपरातल्या उजेडाच्या पट्ट्यांसाठी बायकोच्या गुडघ्याचा एक्स-रे धुऊन स्वच्छ केला, आणि खराट्याच्या काड्या पावसाळी पाइप म्हणून उभ्या राहिल्या. अंगठ्याच्या नखाएवढा मातीचा हमाल, डोक्यावर पोते, त्याने प्रत्येक दारातून आतबाहेर करून पाहिला. शेवटी सबंध लांबीवर ठळक अक्षरे रंगवली: मध्यवर्ती मालगोदाम.

अडीच महिन्यांनी पावणेपाच फूट लांबीचे ते गोदाम नवराबायकोने दोन टोकांना धरून ओसरीवर आणले. मास्तरांनी चष्मा पुसला. एकेक दार पाहिले. मग त्यांनी तुळशीरामाला हात जोडले. ज्यांच्या हाताखालून गावाच्या दोन पिढ्या रेघ ओढायला शिकल्या, त्यांनी मुकादमाला हात जोडले, आणि खरे सांगायचे तर त्या कामाला दुसरी पावतीच शोभली नसती.

हात सुटले ते बारीक करवतीकडे गेले. चौथ्या दाराच्या मधोमध मास्तरांनी गोदाम सरळ कापले.

तुळशीराम ओरडला. "मास्तर, हे काय केलंत? परवा पाडवा. बारा जणांना शब्द दिलाय मी. तिघांना दार आणि बाकीच्यांना काय दाखवू, माझं तोंड?"

"फळीवर जागाच दीड फूट आहे."

"मग आधी सांगायचंत. दीड फुटात बसवलं असतं."

"तेच नको होतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही बारा दारं दीड फुटात कोंबली असती आणि एकातूनही पोतं गेलं नसतं. नाहीतर साडेतीन दारांचंच गोदाम बांधलं असतं, दोन्ही अंगांनी बंद." त्यांनी तो तुकडा फळीवर मांडला. कापलेली बाजू बरोबर फळीच्या कडेला आली. भिंतीवर 'मध्य' आणि 'व'चा अर्धा भाग राहिला होता. छपराची पन्हळ कडेपाशी संपलेली दिसेना, ती पुढे निघालेली दिसत होती. "मोठी वस्तू लहान करू नये, मुकादम. आपल्या जागेत मावेल तेवढा तिचा भाग खरा करावा. मात्र उरलेला भागही करणाऱ्याच्या हातून गेलेला असावा लागतो. तुमच्या हातून बाराही दारं गेली आहेत."

तुळशीरामाला हे पटले म्हणावे, तर नाही. उरलेली साडेआठ दारे त्याने चादरीत गाठ मारून बांधली आणि पाडव्याच्या सकाळी गपचूप फळीखाली सरकवून ठेवली. कोणी तोंड वाकडे केले, तर काढून दाखवता येतील.

बारांपैकी नऊ जण आले. पहिल्या तीन दारांचे धनी खूश झाले. चौथ्या दाराचा किसन म्हणाला, "मुकादम, माझं अर्धंच?"

"तू अर्धाच दिवस यायचास," कोणीतरी म्हणाले, आणि ओसरी हसली.

गनीभाई मात्र हसला नाही. तो नऊ नंबरचा. तो नुसता बघत राहिला, तसा तुळशीरामाचा हात चादरीच्या गाठीकडे गेला. तेवढ्यात गनीभाई वाकला. डोळा रुळाच्या पातळीला आणून त्याने छपराच्या पन्हळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. फळी संपली, बोट थांबले नाही. हवेतच ते पुढे सरकत गेले. "पाच... सहा... सात... आठ... नऊ. हे माझं. याचं शटर उजवीकडं अडायचं. लाथ घातल्याशिवाय उठायचं नाही."

"बोटभर पुढं, गनीभाई," तुळशीराम म्हणाला. "तिथं मधला खांब आलाय."

गनीभाईने बोट पुढे सरकवले. मग दहा नंबरचा त्याच्या शेजारी आला, त्याच्या पलीकडे बारा नंबरचा. रिकाम्या हवेत म्हाताऱ्यांची बोटे एका ओळीत उभी राहिली, आणि मुकादम पूर्वीसारखा एकेकाला जागेवर लावू लागला. बोलता बोलता त्याचे लक्ष मास्तरांकडे गेले. ते गाडीला चावी देत होते.

तुळशीरामाने पायानेच गाठोडे आणखी आत सारले. त्या चादरीची गाठ त्या दिवशी सुटली नाही.