बावीसवरून एकोणीस

“अजून किती लहान करायला सांगणार मला?”

उल्हास रणपिसे यांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सात वाजत होते. उस्ताद तातोबा शिंगटे स्टोव्हवर चहाचं पातेलं ठेवत होते.

“आता बावीस इंची चाकं हायत. एकोणीस करा,” उस्ताद म्हणाले.

“तीन इंच?”

“तीन इंच.”

रणपिसे मोठ्यानं हसले. गाड्यांना मोठमोठी चकचकीत चाकं बसवून देण्याचं त्यांचं पुण्यातलं दुकान तीस वर्षं जोरात चाललं होतं. त्यांना चाकं लहान करायला सांगणं म्हणजे हलवायाला साखर कमी घाल म्हणण्यासारखं होतं.

उस्ताद मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. फौजेत बावीस वर्षं पोरांना डोंगरात ट्रक चालवायला शिकवत होते. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, ते नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. गावी गेले, पण तिथं जीव रमेना. मग परत हिमाचलात आले आणि या खिंडीच्या पायथ्याशी टायरचं दुकान टाकून बसले.

खिंडीत जाणारा प्रत्येक जण आधी इथं थांबायचा. आणि उस्ताद प्रत्येकाला टायरबद्दल विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. तो त्यांनी आताही विचारला.

“वर कोण वाट बघतंय?”

रणपिसे यांना प्रश्न आवडला नाही. तरी उत्तर दिलं.

“मुलगी.”

“कवापासनं?”

चहा उकळला. उस्तादांनी दोन कपांत ओतला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट होती. केतकी, रणपिसे यांची एकुलती एक मुलगी, डॉक्टर होऊन खिंडीपलीकडच्या गावातल्या दवाखान्यात नोकरीला आली आणि तिथल्याच अंगरूप नावाच्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं. अंगरूपची बटाट्याची शेती. रणपिसे तेव्हा फोनवर म्हणाले होते, “बटाटे पिकवणाऱ्याच्या दारात माझी गाडी कधी उभी राहणार नाही.”

माणूस वाईट नव्हता. हट्टी होता, आणि आपल्या हट्टाला स्वाभिमान म्हणायची त्याला सवय लागली होती. बायको आधीच गेली होती, त्यामुळे समजवायला घरात कुणी नव्हतं.

दर दिवाळीला केतकीचं पत्र यायचं, आणि दर दिवाळीला ते टेबलाच्या खणात जायचं. या वेळी पत्राऐवजी मोबाइलवर चार ओळी आल्या. ‘मुलगी झाली. गुरुवारी दुपारी बारसं. तिची आत्या आहे इथं, पण नाव तुम्ही तिच्या कानात सांगावं असं मला वाटतं. काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.’

आज गुरुवार होता. नाव रणपिसे यांनी ठरवलं होतं. पुण्याहून इथपर्यंत तीन दिवस गाडी चालवताना ते एकटेच मोठ्यानं म्हणून पाहत आले होते.

“बर्फ बारापर्यंत सुरू हुईल. सुरू झाला की पोलीस फाटक टाकत्यात,” उस्ताद म्हणाले. “मला अर्धा तास द्या. चारी चाकं बदलतो, निघा.”

“स्नो टायर याच चाकांवर चढवा की.”

“एवढ्या चपट्या मापात इथं न्हाई मिळत. आन मिळाला तरी मी चढवणार न्हाई. एवढा रुंद टायर बर्फावर तरंगतोय. बारका टायर बर्फ कापून खाली बसतोय.”

उस्ताद मागे गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं एक चाक घरंगळत घेऊन आले. काळी साधी रिम, वर जाड पण अरुंद टायर, त्याच्या रबरावर बर्फात पकड यावी म्हणून पाडलेल्या बारीक बारीक चिरा. ते त्यांनी रणपिसे यांच्या गाडीच्या चाकाला लावून उभं केलं.

दोन्हींची उंची सारखीच होती.

“मग लहान काय झालं?” रणपिसे म्हणाले.

“लोखंड.”

“लोखंड नसतं ते. ॲल्युमिनियम असतं.”

“बरं. ॲल्युमिनियम लहान झालं. त्याच्या जागी हवा आली.”

रणपिसे यांनी चाकाभोवती एक फेरी मारली. मधली भोकं मोजली, बोटांनी अंतर पाहिलं. बरोब्बर त्यांच्याच गाडीचं माप. अशी गाडी या डोंगरात वर्षाकाठी एखादी येत असेल नसेल.

“माझ्या मापाचा सेट तुमच्याकडे कसा काय?”

उस्ताद पोतं झटकून त्याची घडी घालू लागले.

“एकोणीसच का? सोळा करू या की. सायकलचं चाक लावू,” रणपिसे म्हणाले.

चेष्टा उस्तादांना कळली. ते चिडले नाहीत.

“तुमच्या गाडीचा ब्रेक मोठा हाय. त्याच्यापेक्षा लहान रिम त्याला घासती. ब्रेक मावंल एवढंच लहान व्हायचं.”

“उस्ताद, अडीच टनाची गाडी आहे ही. चारही चाकांना ताकद जाते. कुठंही चढते.”

“चढंल की. चढाय चारी चाकं ओढत्यात. थांबताना कोण ओढतंय?”

उस्तादांनी रणपिसे यांचा हातमोजा काढायला लावला. “तुमच्या टायरात नख रुतवा.”

गाडी रात्रभर उघड्यावर होती. रबर पाटीसारखं कडक झालं होतं. नख नुसतं घसरलं.

“आता ह्याच्यात.”

काळ्या रिमचा टायरही रात्रभर त्याच थंडीत पडलेला होता. नख रुतलं. चंद्रकोरीसारखी खूण उमटली.

रणपिसे त्या खुणेकडे पाहत राहिले. यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. रिम मोठी आणि रबर पातळ केलं की गाडी दिसते छान आणि वागते वाईट, हे तीस वर्षांत त्यांना पुरतं कळून चुकलं होतं. गिऱ्हाइकाला मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, आणि हळूहळू स्वतःलाही सांगायचं बंद केलं होतं.

“उस्ताद, चार वर्षांनी जातोय मी,” ते अखेर म्हणाले. “सगळं गाव जमलेलं असेल. बाप आला, तर बापासारखा आला असं दिसायला नको? या काळ्या चाकांवर जाऊ? मालाच्या टेम्पोसारखा?”

“बाप आला एवढं दिसलं तर न्हाई का चालणार?”

रणपिसे यांनी हातमोजा चढवला. चहाबद्दल आभार मानले. त्यांची रीत चांगली होती, ती ते कधी सोडत नसत.

गाडी निघाली. उस्ताद दारात उभे होते. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

पहिली तीन वळणं गाडी दिमाखात चढली. रणपिसे यांना गंमत वाटली. म्हाताऱ्यानं उगाच घाबरवलं, असं ते मनाशी म्हणालेसुद्धा. चौथं वळण सावलीतलं होतं. तिथं काल रात्रीचा बर्फ दबून काच झालेला होता. चारही चाकं एकदम फिरू लागली, इंजिन गुरगुरलं, आणि अडीच टन वजन हळूच मागे सरकायला लागलं.

रणपिसे यांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली. गाडी थांबली नाही.

डोंगराच्या बाजूला साचलेल्या बर्फाच्या ढिगात मागची बाजू रुतली म्हणून वाचले. दुसऱ्या बाजूला दरी होती. बराच वेळ त्यांना दार उघडायचं सुचलं नाही.

तेवढ्यात खालून एक जुनी व्हॅन आली. अरुंद चाकं, त्यावर तसेच चिरांचे टायर. पायथ्याच्या बेकरीतून रोज वर पाव पोचवणारी डोल्मा नावाची बाई चालवत होती. ती न घसरता शेजारी येऊन थांबली. काच खाली करून तिनं हिंदीत विचारलं, कुठं जायचंय?

रणपिसे यांनी गावाचं नाव सांगितलं.

ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंच्या घरी ना? मीही तिथंच चाललेय, बारशाचे केक घेऊन. बसा पुढे. गाडी राहू दे इथंच, उद्या कुणीतरी काढेल.

शेजारचं सीट रिकामं होतं. त्यावरचं पीठ तिनं झाडूनही दिलं.

रणपिसे यांनी व्हॅनकडे पाहिलं. तिच्या दारावर पावाचं चित्र होतं. मग आपल्या गाडीकडे पाहिलं.

“तुम्ही व्हा पुढं,” ते म्हणाले. “आलोच मी मागून.”

व्हॅन वळणाआड गेली. तिच्या चाकांचे दोन बारीक, खोल माग बर्फात स्पष्ट उमटले होते. गाडी कशीबशी ढिगातून सोडवून रणपिसे यांनी त्या मागांवरून जायचा चार वेळा प्रयत्न केला. त्यांची चाकं त्यात मावली नाहीत.

साडेअकराला बर्फ पडू लागला. रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी ट्रकला दोर बांधून त्यांची गाडी खाली आणून सोडली. मागे फाटक पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. पोलिसानं सांगितलं, असा बर्फ सुरू झाला की खिंड आता चैत्रातच उघडेल.

दुकानापाशी आले तेव्हा एक वाजून गेला होता. खिंडीपलीकडे पाळणा हलला असणार, आत्यानं कानात नाव सांगितलं असणार. कुठलं तरी नाव.

उस्तादांनी जॅक लावला आणि पहिलं चाक खोलायला घेतलं.

“आता कशाला?” रणपिसे म्हणाले. “रस्ता बंद झाला.”

“घरी जायचंय न्हवं? खाली जायलाबी रस्ताच लागतोय.”

रणपिसे बाकावर बसले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. साठीच्या माणसानं टायरच्या दुकानात बसून रडावं, हे चारचौघांत बरं दिसत नाही. पण तिथं चारचौघं नव्हते.

“तिनं सीट झाडून दिलं होतं उस्ताद,” ते म्हणाले. “पाववाल्या बाईनं. मी बसलो नाही.”

उस्तादांनी पोत्यातलं दुसरं चाक काढलं, तिसरं काढलं. चौथं काढून बसवायला उलटं केलं, आणि तसेच थांबले. मग ते चाक बसवायच्या ऐवजी घरंगळत आणून त्यांनी रणपिसे यांच्या गुडघ्याला टेकवलं. आतली बाजू त्यांच्याकडे होती.

टायरवाले माप लिहायला वापरतात त्या पिवळ्या खडूनं तिथं एक शब्द लिहिला होता.

‘बाबा’.

अक्षर उस्तादांचं नव्हतं. ‘ब’चं पोट असं वाटोळं काढायला रणपिसे यांनीच पाटीवर हात धरून शिकवलं होतं.

“दोन वर्सं झाली,” उस्ताद म्हणाले. “कुठनं तरी तुमच्या नव्या गाडीचा फोटू मिळवला पोरीनं. मला म्हणाली, ह्या गाडीला बसतील अशी चार चाकं आणून ठेवा. बाबा मोठ्या चाकांवरच येणार, आन खिंडीत अडकणार. गेल्या उन्हाळ्यात स्वतः खाली येऊन लिवून गेली, दुसऱ्या कुणाला दिऊ नका म्हणून.”

“सकाळी का नाही सांगितलंत?”

“तिनंच शपथ घातली हुती. माझ्याकडनं आल्यात म्हटलं तर लावणार न्हाईत, म्हणाली.” उस्तादांनी हात फडक्याला पुसले. “मोडाय पायजे हुती शपथ. दारात तोंड उघडलं हुतं मी. चुकलंच माझं.”

रणपिसे यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं नाही. पुसला जाईल अशी भीती वाटली.

…

बाहेर बर्फ चांगलाच धरला होता. उस्तादांनी चौथं चाक उचललं, शब्द आत ठेवून बसवलं, आणि बोल्ट एकेक करून हातानं लावू लागले. दुकानातल्या खिळ्याला चार्जरवर लटकलेला त्यांचा फोन होता. पायथ्याला त्या एकाच फोनला रेंज मिळायची.

“लावू का तिला?” रणपिसे यांनी विचारलं.

“लावा.”

रणपिसे यांनी फोन हातात घेतला. आकडे दाबले, शेवटच्या आकड्यापाशी थांबले.

“काय सांगू, उस्ताद? बर्फ आला म्हणून सांगू?”

उस्तादांनी पाना लावला आणि शेवटचा बोल्ट आवळला.

“बर्फ सगळ्यांनाच आला, पाव्हणं… चाकं मोठी हुती म्हणून सांगा.”