दोन मुठींची करवत

“बाबा, लहानूले कामावरून काढू का नको, तेवढं सांगा.”

हसनबाबांच्या झोपडीसमोर उभा असलेला डोमाजी मुकादम घाईत होता. वखारीत सागाचे ओंडके पडून होते, आणि दहा माणसांवर हुकूम चालवणाऱ्याला कोणाच्या दारात ताटकळायची सवय नसते. लहानू मागे आंब्याखाली मान खाली घालून उभा होता. वीस वर्षांचं काम आज सुटणार, हे तो समजून चुकला होता.

हसनबाबा फकीर होण्याआधी त्याच वखारीत करवत ओढायचे.

“काय बिघडलं त्याचं?”

“स्वभावच बिघडला. त्याचा करवतीवरचा जोडीदार जयराम मेला, तवापासून कोणाशी बोलत नाही. तीन नवे जोडीदार देले, तिन्ही पळाले. काम निम्म्यावर आलं.”

“मग तू काय केलं?”

“रोज झाडतो त्याले. आणखी काय करू?”



बाबा उठले. कोपऱ्यातली जुनी करवत आणली. एक मूठ लहानूच्या हाती दिली, दुसरी मुकादमाच्या, आणि अंगणातल्या ओंडक्याकडे बोट केलं. दोघं दोन बाजूंना बसले.

डोमाजीने उभ्या जन्मात करवत धरली नव्हती. पण लहानूसमोर तसं कबूल करणं त्याच्या जिवावर आलं. त्याने होता नव्हता तो जोर लावला. पातं वाकलं आणि लाकडात अडकलं.

“पाहा बाबा! मुद्दाम अडवते हा!”

“मुकादम,” लहानू हळूच म्हणाला, “तुम्ही ढकलून राहिले. आपण फक्त ओढायचं. मी ओढीन तवा हात सैल सोडायचा.”

डोमाजीचे कान तापले. तरी त्याने हात सैल सोडला.

करवत गेली... आली. भुसा पडू लागला. ओंडका अर्ध्यापर्यंत चिरत गेला.

मग लहानूच थांबला. त्याने बाहीने डोळे पुसले.

“जयराम गेल्यावर आज पहिल्यांदा करवत अशी चालली.”



डोमाजीला स्वतःची लाज वाटली. या माणसाला आपण धड रडूही दिलं नाही, हे त्याला आता दिसलं.

“नाही काढत याले,” तो बाबांना म्हणाला. “पण उद्या याच्यासमोर बसवू कोणाले? कोणीच तयार नाही.”

हसनबाबांनी पात्यावरचा भुसा झटकला...

“आज कोण बसलं होतं?”