चंद्री पान्हा सोडेपर्यंत

"वस्ताद, इंद्रजितला जमेल का?"

दोन रात्री ज्या प्रश्नानं मला झोपू दिलं नव्हतं, तो शनिवारी संध्याकाळी मी शेवटी एका म्हशीच्या मागं उभी राहून विचारला. डाव्या हातात रिकामी बरणी, उजव्या हातात सहा वर्षांची रेवू.

हिंदुराव वस्तादांनी वर पाहिलं नाही. ते चंद्रीच्या पुढ्यात आंबोणाची पाटी सरकवत होते.

"काय जमायचंय?"

"टीम बांधायला. जिंकणारी."

"चार दावी न्हे म्हणावं माझ्याकडनं."

कट्ट्यावर ग्लास घेऊन उभे असलेले दोघंतिघं हसले. मीही हसले. मग वाटलं, मी का हसले?

कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात. समोर धार काढतात आणि लोक उभ्याउभ्या कोमट दूध पितात. लोक तिथं दुधासाठी जातात. मी चौकशीसाठी गेले होते.

इंद्रजित माझा नवरा. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच. मी त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ही त्याची गैरसोय आहे.

आणि हिंदुराव वस्ताद म्हणजे ज्यांनी त्याला नवव्या वर्षापासून बॉल शिकवला ते. एकेकाळचे फुलबॅक. आता दोन म्हशी.

"जमंल का, हे तुम्हाला का पायजे?" वस्तादांनी विचारलं.

"प्राचार्यांनी विचारलंय."

"त्येला न इचारता तुम्हाला?"

तेच तर. गुरुवारी प्राचार्यांनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. म्हणाले, "मॅडम, तुमचे मिस्टर आहेत म्हणून नाही, आकड्यांतलं माणूस म्हणून विचारतो. सोमवारी बैठक आहे. सरांना अजून एक वर्ष द्यावं का? तुम्ही म्हणाल तेच मी पुढं मांडीन."

मी म्हणाले, "सोमवारी सांगते, सर."

बायकोनं चार दिवस मागितले. प्राचार्यांनी तेवढ्यावरूनच ओळखलं असणार.

"मग सांगा की, न्हाई जमत म्हणून," वस्ताद म्हणाले.

"तसं नाही…"

"मग सांगा जमतंय म्हणून."

"तसंही नाही."

"म्हंजे तुम्हाला पेपरात नापास व्हायचं न्हाई. एवढंच हाय."

मी रेवूची वेणी नीट केली. ती नीटच होती.

वस्तादांनी खुंट्याचं रेडकू सोडलं. ते धावत जाऊन चंद्रीच्या कासेला ढुशा देऊ लागलं. रेवू माझा हात सोडून जवळ गेली. "लांब थांब," मी म्हणाले. ती थांबली नाही. घरात माझं आजकाल कुणीच ऐकत नाही, असं म्हणायला मला आवडतं. पण खरं सांगायचं तर मी आजकाल कुणाला काही ठामपणे सांगतच नाही.

"तीन वर्षं," मी म्हणाले. "सव्वीस सामने. सात जिंकले."

"मोजलं तुम्ही?"

"मोजायला लागत नाही. लक्षात राहतं."

"बरं हाय. मला न्हाई ऱ्हात."

"आणि गेल्या वर्षीची सेमीफायनल? ती तरी राहिली असेल. तुम्ही होता तिथं."

ती सगळ्या गावाच्या लक्षात आहे.

आमच्या टीममध्ये अर्धी पोरं वरच्या पेठेतली, अर्धी खालच्या पेठेतली. एरवी या दोन पेठांच्या टीम समोरासमोर आल्या की गावात बंदोबस्त लागतो. तीच पोरं कॉलेजची एक जर्सी घालून एकत्र खेळतात. खेळतात म्हणजे, वरच्या पेठेचा वरच्याला पास देतो आणि खालचा खालच्याला.

त्या दिवशी शेवटची दहा मिनिटं उरली असताना कपिलच्या बुटाचा तळ निघाला. कपिल खालच्या पेठेचा. बदली खेळाडू सगळे वापरून झालेले. बाकावर ऋतुराज बसला होता, गुडघ्याला पट्टी बांधून. वरच्या पेठेचा. त्याच्या पायात नवेकोरे नारिंगी बूट, आणि दोघांचं माप एकच आहे हे तर शिपायालाही माहीत होतं.

कपिलनं मागितले नाहीत. ऋतुराजनं दिले नाहीत.

कपिल बाहेर उभा राहिला. आम्ही दहा जणांनिशी खेळलो. एका गोलनं हरलो.

आणि कोच, म्हणजे माझा नवरा, त्या दोघांच्या मधोमध बसला होता. गप्प.

"मी घरी विचारलं त्याला," मी म्हणाले. "सरळ हुकूम का नाही सोडलास? काढ बूट, दे त्याला, म्हणून."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सांगितलं असतं तर दिले असते."

"मग?"

"मीही तेच म्हणाले. मग? तर म्हणे, मग काय. आणि कुशीवर वळून झोपला. हरलेला माणूस असा झोपतो का, वस्ताद? मी जागी. तो झोपलेला."

वस्तादांनी रेडकाला कानाला धरून बाजूला ओढलं, कासंडी गुडघ्यांत धरली आणि बसले. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. तळाशी चार थेंब वाजले.

त्यांनी हात थांबवले.

"चोरतीय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दूध हाय. देत न्हाई. कोण नवं माणूस टक लावून हुबं ऱ्हायलं की करती असं."

ग्लासवाले माझ्याकडं पाहू लागले. मी दोन पावलं मागं सरले. म्हणजे यातही माझीच चूक. मी मुकाट्यानं अजून एक पाऊल मागं गेले, तर मागं शेण होतं.

वस्तादांनी रेडकू पुन्हा सोडलं. स्वतः बाजूला बसून राहिले. तंबाखू मळायला घेतली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय… थांबायचं."

"किती वेळ?"

"ती ठरवंल."

"आणि सोडलंच नाही तर?"

"तर उद्या."

"गिऱ्हाईक जाईल की तुमचं."

"जाईल." त्यांनी ग्लासवाल्यांकडं पाहिलं. "जातोयस का रे?"

"न्हाई वस्ताद. घरी बी काय काम न्हाई," एक जण म्हणाला.

मला तेव्हाच संशय आला. 'थांबायचं', 'ती ठरवेल', 'तर उद्या'... हे शब्द मी तीन वर्षं स्वयंपाकघरात ऐकत होते. हरलेल्या प्रत्येक माणसाला फिट बसतील असे शब्द. या दोघांपैकी कुणी कुणाला शिकवले, एवढाच प्रश्न होता.

"काही लोक सुई टोचतात म्हणे," मी म्हणाले. "लगेच सोडते म्हैस."

"टोचत्यात."

"मग?"

"लगेच सोडती."

"मग तुम्ही का नाही टोचत?"

वस्तादांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. मी वाट पाहिली. इतकी वाट मी म्हशीची पाहिली नव्हती.

"मला एक सांगा," मी आवाज खाली आणला. "हे त्याला कळू देऊ नका, पण गेले पंधरा दिवस तो मला खोटं सांगतोय. सराव आठपर्यंत चालतो म्हणतो. मी काल मैदानावर जाऊन आले. सहा वाजता मैदान रिकामं. नुसती कुत्री. सामना तोंडावर, सोमवारी बैठक, आणि हा दोन तास जातो कुठं?"

"गेलाय तरी कुठं, हे तुम्हाला शोधायचंय, का जमंल का, हे इचारायचंय?"

"दोन्ही एकच आहे."

"आसंल," वस्ताद म्हणाले. "शिकल्याली माणसं तुम्ही."

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून पोरांचा आवाज आला.

आमच्या टीमची पोरं. अठरा जण, खांद्यावर बॅगा, पाय धुळीनं भरलेले. मागं इंद्रजित, सायकल हातात धरून.

त्यानं मला पाहिलं आणि सायकल थांबवली.

"तू इथं?"

"दूध न्यायला," मी बरणी वर केली.

"आपल्याकडं पिशवीचं येतं."

"आज हे."

त्यानं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद रेडकाकडं पाहत होते.

"पप्पा, आई तुमच्याबद्दल विचारत होती," रेवू म्हणाली.

तिला जन्म दिल्याचा मला पश्चात्ताप झाला नाही, पण बोलायला शिकवल्याचा झाला.

"काय विचारत होती?" इंद्रजितनं विचारलं. तिला. मला नाही.

"तुम्हाला जमतं का ते."

पोरांतला कुणीतरी खोकला. इंद्रजितनं सायकल स्टँडला लावली. फार वेळ लावला त्यानं त्या स्टँडला.

"मग?" तो शेवटी म्हणाला. "काय म्हणाले वस्ताद?"

"काही नाही," मी म्हणाले.

"मलाही काही नाही म्हणाले. गेल्या वर्षीच विचारलं होतं मी, सेमीफायनलनंतर."

तो झोपलेला नव्हता तर. नुसता कुशीवर वळला होता…

पण मी लगेच स्वतःला सावरलं. वाईट वाटणं हा काही पुरावा नव्हे. सोमवारी प्राचार्यांना मी असं सांगणार होते का, की सर, यांनाही झोप लागत नाही?

"म्हणजे सहानंतरचा सराव हा?" मी विचारलं. "दूध पिणं?"

"हा," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. येतात, पितात, घरी जातात."

मी पोरांकडं पाहिलं. वरच्या पेठेची पोरं कट्ट्याच्या या टोकाला. खालच्या पेठेची त्या टोकाला. मधे चंद्री. पंधरा दिवस रोज एकत्र दूध पिऊनही मधे एक अख्खी म्हैस मावेल एवढं अंतर. मला जे पाहायचं होतं ते दिसलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला थोडं बरंही वाटलं. माझं गणित बरोबर होतं.

सोमवारी काय सांगायचं ते माझ्या मनात तयार झालं. मोजकं, सभ्य, तीन वाक्यांत.

"वस्ताद," मी म्हणाले, "माझं उत्तर मिळालं मला. निघते."

"दूध?"

"दूध कुठंय?" मी कासंडीकडं बोट दाखवलं. तळाशी तेच चार थेंब. "तुम्हीच बघा. अर्धा तास झाला."

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. रेडकाच्या गळ्यात हात घालून त्यांनी त्याचं तोंड कासेपासून सोडवलं. ते सुटायला तयार नव्हतं. ओठांच्या कडांना पांढरा, दाट फेस साचला होता आणि हनुवटीवरून खाली ओघळत होता.

त्यांनी तो फेस अंगठ्यानं पुसला आणि माझ्या मनगटावर, घड्याळाच्या शेजारी, ओढला.

कोमट होता.

मी मनगटाकडं पाहत राहिले. इंद्रजितही पाहत होता. चंद्रीनं एक मागचा पाय ऐसपैस केला.

वस्ताद कासंडी घेऊन पुन्हा बसले. अजून हात लावला नव्हता.

"भांड्यात काय बघताय, सूनबाई?" ते म्हणाले. "आधी तिथं येत न्हाई."

मी तोंड उघडलं. याचा अर्थ काय, असं विचारणार होते. अर्थ विचारल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सोडवत नाही.

पण रेवूनं माझी ओढणी ओढली. ती इतका वेळ रेडकाजवळ उकिडवी बसली होती, पोरांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. भुवया आवळलेल्या. असा संशयी चेहरा आमच्या घरात कुणाचा आहे, हे मला माहीत आहे.

"आई, ऋतूदादा खोटारडा आहे," ती म्हणाली. "मागं मी त्याचे गाजराच्या रंगाचे बूट एकदाच घालून बघू का विचारलं, तर म्हणाला, मेलो तरी कुणाला देणार नाही. मग ते कपिलदादाच्या पायात कसे?"