तिर्साचं शेवटचं रडणं

एक होता राजा. चांगला नव्हता हो, आधीच सांगून ठेवते. पाय आत घे रे, पांघरूण ओढ.

त्याच्या गावात तिर्सा नावाची बाई होती. कुणी मेलं की तिला बोलावणं यायचं. मढ्याच्या उशाशी बसून मोठ्यानं रडायचं, हेच तिचं काम. तिथली रीतच होती तशी. आणि तिरडी उचलेपर्यंत रडणारीला कुणी गप्प करायचं नाही, राजानंसुद्धा नाही बरं का! तसं केलं तर मेलेल्याला वाट सापडत नाही म्हणे.

मग एकदा समुद्रापलीकडून सिलवान नावाचा म्हातारा आला. चौकात उभा राहून सांगू लागला, "येशू मेला, त्याला पुरलं, आणि तो उठला! मरणाच्या दाराला आता कडी राहिली नाही, बाबांनो." तिर्साची स्वतःची दोन लेकरं गेली होती ना! ती ऐकत राहिली आणि घळाघळा रडली, कुणी न बोलावता.

राजा म्हणाला, "लोक मरणाला भ्यायचे थांबले तर मला कोण भिणार?" त्यानं म्हाताऱ्याचं डोकंच उडवलं. वर दवंडी पिटली, ते नाव घेईल त्याची जीभ कापीन. मरायच्या आधी सिलवान तिर्साला एवढंच बोलला, "पोरी, आता तू सांग."

सांगायचं कुठं? मढ्यापाशी! मग कोष्ट्याची आई गेली, तिर्सानं रडता रडता सांगितलं. मग शिपायाचं बाळ गेलं, तिथंही सांगितलं. आणि मग राजाची लाडकी लेक तापानं गेली.

राजवाड्यातून बोलावणं आलं. कुणा मेल्या चहाडखोरानं राजाच्या कानावर घातलंच होतं. राजानं दारातच दटावलं, "नुसतं रडायचं. ते नाव काढलंस तर तिरडी उचलल्याबरोबर जीभ कापीन."

तिर्सा जाऊन उशाशी बसली. बिचारी नुसतीच रडू लागली. मग राणीनं तिचा हात धरला. "बाई गं, माझी पोर गेली कुठं? ठाऊक असेल तर सांग गं."

आता गप्प कसं राहवेल तिला? सांगितलं तिनं. राजा ओरडला, "उचला तिरडी!" पण राणीनं तिरडीला मिठीच मारली, सोडीना. तिर्सा शेवटपर्यंत बोलली. मग उचलली तिरडी. आणि मग... हो बाळा, कापली.

जीभ परत आली का म्हणतोस? नाही आली. खोटं कशाला सांगू?

पण पुढं ऐक. काही दिवसांनी एक कुंभार गेला. तिर्सा सवयीनं जाऊन उशाशी बसली. तोंडाला फडकं, डोळ्यांना धार. आता मोठ्यानं रडून सांगणार कोण? तेवढ्यात राणी आली, अनवाणी. तिच्याशेजारी मातीत बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "येशू मेला, त्याला पुरलं, आणि तो उठला."

राजा तलवार घेऊन धावत आला. पण रीत ना! रडणारीला अडवायचं नाही. आणि तिरडीला हात लावायला कुणी पुढं होईना. उभ्यानं सगळं ऐकावं लागलं त्याला. ऐकता ऐकता लेक आठवली. मग तलवार टाकून तो खाली बसला आणि पोरासारखा रडला.

तिर्सा पुढं खूप जगली. तिला खारट-अळणी कळायचं नाही, म्हणून बायका तिच्यासाठी पेज आणायच्या आणि आधी स्वतः चाखून बघायच्या. राणीपण आणायची. सुखात राहिली सगळी.

चला, हात जोडा, डोळे मिटा. दिवा घालवते आता.