हसाजी सुताराचा शनिवार

बोलण्यात मला हरवणारा माणूस अख्ख्या रेवदंड्यात नाही. बायको कोर्लईची, म्हणून तिला मोजत नाही. रविवारी चर्चमध्ये बिशप यायचे होते आणि नवा दरवाजा हसाजी सुताराच्या अंगणात अर्धवट पडलेला. दाराविना बकऱ्या आत शिरून वेदीवरची फुलं खात होत्या. शनिवारी सकाळीच फादरनी मला त्याच्याकडे पिटाळलं.

हसाजी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की त्याची हत्यारं बंद, ती शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत. ओट्यावर निवांत बसला होता.

मी ठसक्यात म्हटलं, "हसाजीभाऊ, आमचा येशूही सुतारच. तो असा बसून राहिला असता काय?"

"अरे पास्कू, तो आमच्यातलाच की! शनिवारी त्याने रंधा उचलला असता, तर त्याच्या आईने, मरियमेने, कान नसता पिळला?"